परातीच्या काठावरचे ठिपके

आधीच सांगते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी शिकवायला नको — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. या ग्रुपवर मी बरेच महिने नुसती वाचते. निम्म्या अनुभवांवर हसते आणि उरलेल्यांवर चिडते. घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणे… अहो, डोळ्यांवर झापड असताना गाडी चालवली की काहीही दिसतं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. नोकरीभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. आमच्या कामात शिस्त एकच, काचेवर जे आहे ते लिहायचं. जे नाही ते लिहायचं नाही, आणि जे असावंसं वाटतं ते तर मुळीच नाही. पेशंटची बायको बाहेर बाकावर रडत बसलेली असली तरी रिपोर्टमध्ये तिच्या रडण्याला जागा नसते. हे अशासाठी सांगतेय की खालचं सगळं मी त्याच शिस्तीने लिहिणार आहे. यात भूत नाही, अमावस्या नाही. ज्यांना तेच हवंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आम्ही नाशिकचे. माझं माहेर सिडकोत. वडिलांनी खोलीला खोली जोडत वाढवलेलं घर होतं. वडील गेल्यावर दादाने ते विकलं, इंदिरानगरला फ्लॅट घेतला आणि आईला सोबत नेलं. दादा माझा मोठा भाऊ. वाईट माणूस नाही. हे वाक्य मी त्याच्याबद्दल इतक्या वेळा बोललेय की आता त्यात काही उरलेलं नाही.

नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आलं आणि आईची पितळी-तांब्याची भांडी अडगळ झाली. घंगाळ, कळशी, हंडे, आणि एक मोठी पितळी परात. या परातीत आईने आमच्या घराच्या पोळ्यांची कणीक मळली, शेवया वळल्या, आणि आम्ही आजारी पडलो की आमचे पाय धुतले. दादाला ती मोडीत घालवेना. पंचवटीत एका ट्रस्टने जुन्या घरगुती वस्तूंचं छोटं संग्रहालय काढलंय (नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही). तिथे त्याने सगळी भांडी देऊन टाकली. छोटासा कार्यक्रम झाला, शाल-नारळ झालं. मला हे कळलं फॅमिली ग्रुपवरच्या फोटोतून. फोटोखाली नातेवाइकांनी ओळीने हात जोडले होते. मी जोडले नाहीत.

फोटोत भांड्यांशेजारी पाटी होती. 'कै. दत्तात्रय…' पुढे आमचं आडनाव… 'यांच्या स्मरणार्थ कुटुंबीयांकडून सप्रेम भेट.' म्हणजे वडिलांच्या नावाने! बाबांनी जन्मात त्या परातीला हात लावला असेल तर ती वाटेत आली म्हणून सरकवायला. भांडी आईच्या लग्नात आली होती, तिच्याबरोबर. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, बाबांचं नाव राहील गं, आणि आईला आता काय कळतंय?

यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

आईचं बोलणं गेल्या दिवाळीपासून कमी कमी होत बंदच झालं होतं. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. भरवलं तर खायची, बसवलं तर बसायची, आणि भिंतीकडे बघत राहायची. कशालाच ओ द्यायची नाही. आई म्हणा, सुमनबाई म्हणा, आजी म्हणा… बाबा तिला आयुष्यभर 'अगं ए' म्हणायचे, तर मी एकदा तेही करून पाहिलं. पापणी हलली नाही. कान तपासले, ते ठीक होते.

सुमन हे तिचं लग्नातलं नाव. तांदळाच्या ताटात अंगठीने ते नाव लिहिल्याची गोष्ट बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. आधीचं नाव काय होतं हे मात्र आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, कुणी विचारलंही नसेल. आईचं माहेर चांदवडकडचं, खेड्यातलं. तिचे वडील लवकर गेले, भावांशी बाबांचं कशावरून तरी बिनसलं आणि येणंजाणं तुटलं ते तुटलंच. मी शाळेत असताना तिला एकदा विचारलं होतं, आई, तुझं आधीचं नाव काय गं? ती कणीक मळत होती. म्हणाली, "आधी नव्हतंच." मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं. (माझं नाव लग्नात बदललं नाही. त्यात पुरोगामी काही नाही, नवऱ्याला वेळेवर दुसरं सुचलं नाही, एवढंच.)

तर दादाने ठरवलं की आईला त्र्यंबक रोडवरच्या एका केअर होममध्ये ठेवायचं. तिथे नर्स असते, फिजिओथेरपी असते, वगैरे. मी विरोध केला. त्याने शांतपणे विचारलं, तू नेतेस का? आमच्या घरात माझ्या सासूबाई आहेत, अंथरुणाला खिळलेल्या, पण जिभेने ठणठणीत. मी नवऱ्याजवळ विषय काढून बघितला होता. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हा दादाला बोलायला मला तोंड नव्हतं. मी एवढंच म्हणत राहिले की आई आत कुठेतरी आहे रे, तिला कळेल, तिचा जीव तुटेल. तो म्हणाला, "एक खूण दाखव मला. एक. मी तिला कुठेही पाठवणार नाही."

खूण नव्हती. सोमवारी तिला न्यायचं ठरलं.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी आईकडे जायचं सोडून पंचवटीत तिची परात बघायला गेले. का, ते मला सांगता येत नाही. त्या घरातली बांधाबांध बघवणार नव्हती, हे एक असेल. रिक्षा भाजीबाजाराच्या गर्दीत अडकली, मी मध्येच उतरून गल्लीतून चालत गेले. ट्रस्टच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक लांब हॉल आहे. एका बाजूला खिडक्या, तिथून भरपूर उजेड येतो. हे मुद्दाम लिहितेय. अंधार नव्हता, मेणबत्त्या नव्हत्या. खाली कुणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतं.

वर गेल्यावर कळलं की रविवारी सकाळी तिथे 'स्लो लुकिंग'चं सेशन असतं. मृण्मयी नावाची तरुण मुलगी ते घेते, तीच संग्रहालयही सांभाळते. मला म्हणाली, "काकू, आलाच आहात तर बसा ना. एकच वस्तू निवडायची आणि अर्धा तास फक्त तीच बघायची." मी मनात म्हटलं, घ्या, आता बघायलाही क्लास निघाले. पण नियम ऐकून जरा सावरून बसले. तिचा नियम असा की बोलताना 'मला वाटतं' म्हणायचं नाही, 'मला दिसतं' असंच म्हणायचं. नाव, किंमत, किती जुनं, कुणाचं… हे सगळं बाहेर चपलांबरोबर ठेवून यायचं. वाचायचं नाही, अर्थ लावायचा नाही. कागद-पेन्सिल देणार, त्यावर जे दिसतं तेवढं काढायचं. आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना मी हेच घसा कोरडा करून सांगायचे.

आणखी चार-पाच जण होते. त्यांनी पानदान, अडकित्ते वगैरे निवडले. मी खुर्ची ओढून परातीसमोर बसले. पाटीकडे पाठ करता येत नव्हती, म्हणून तिच्यावर पर्स टेकवून ठेवली.

परात लाकडी स्टँडवर उभी ठेवली होती. सुरुवातीला मला राग सोडून काही दिसेना. मग हळूहळू तो बाजूला झाला. मध्यभागी परात फिकी झालेली, मुठींनी घासून घासून. एका ठिकाणी पोचा. डावीकडे पाण्याचा डाग, त्याच्या आत आणखी एक डाग. तळव्याएवढ्या भागात बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने, म्हणजे बांगड्यांचे… नाही, 'म्हणजे' म्हणायचं नाही. ओरखडे, एकाच दिशेने. मी काढत गेले. खूप दिवसांनी बरं वाटत होतं, हे कबूल करते. आईसमोर मी अशी कधी बसले नव्हते. तिच्यासमोर बसले की मी तिच्यात काहीतरी शोधत असायचे आणि ते सापडलं नाही की तिचाच राग यायचा.

मग खालच्या काठावर ठिपके दिसले.

भांड्यावर नाव घालतात ना, दुकानाच्या पायरीवर बसून छिन्नीने टकटक करत, तसे टोचल्यासारखे बारीक ठिपके. पण नाव आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी ते वाचलं नाही, कारण वाचण्यासारखं काही नव्हतं. खाली ठिपक्यांची एक आडवी ओळ. तिच्यावर उजवीकडे एक गोल. डावीकडे एक दांडी, तिच्या दोन्ही बाजूंना फुगवटे, आणि सगळ्यात वर एक वळलेली शेपटी. स्लाइडवरच्या पेशी काढायचे तसेच मी ते काढले, जागच्या जागी. एक-दोन ठिपके जास्त खोल होते, तिथे पेन्सिल दाबली. मान वर-खाली करत पुनःपुन्हा ताडून बघितलं. ते तिथे होते. यावर मी कुठेही सही करेन.

वेळ संपल्यावर मृण्मयी सगळ्यांचे कागद बघत आली. माझा कागद तिने समोरून, म्हणजे तिच्या बाजूने बघितला. मला तो सुलटा होता, तिला उलटा. ती वाकून म्हणाली, "काकू, हे 'ठकू' लिहिलंय का?"

मी कागद फिरवला. ठकू. शिरोरेघ, ठ, क, दीर्घ उकार. स्पष्ट. परात स्टँडवर उलटी उभी होती म्हणून नाव खालच्या काठावर डोक्यावर उभं होतं, इतकं साधं.

आम्ही दोघींनी वर बघितलं. काठ कोरा होता.

कोरा म्हणजे अगदी कोरा. मृण्मयीने परात स्टँडवरून काढली, खिडकीशी नेली, सगळीकडून तिरकी करून पाहिली. मी पर्समधलं भिंग काढलं, मी ते अजूनही बाळगते. काठाला पितळ एकसारखं होतं, घासून नाव घालवलं असेल तर तिथे धातू जरा खोलगट लागतो, तसंही नव्हतं. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. संग्रहालयात परात आली तेव्हा तिने प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवले होते, तेही उघडले. काही नाही. ती मुलगी चांगली. 'भास झाला असेल' असं म्हणाली नाही. म्हणाली, "तुम्ही काढलंय म्हणजे तुम्हाला दिसलंय." मला मात्र घाम फुटला होता. लॅबमध्ये मी असं काही रिपोर्टमध्ये लिहिलं असतं तर घरी बसवलं असतं.

खाली रस्त्यावर येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती. ही परात आपली नाहीच. ट्रस्टकडे दहा घरच्या पराती आल्या असतील, त्यांनी अदलाबदल केली, ही कुणा ठकूबाईची. ते ठिपके मागाहून कसे गेले याचा विचार मी बाजूला ठेवला. मला दादावर ओरडायला कारण हवं होतं आणि ते मिळालं होतं. आईची वस्तू धड देताही आली नाही याला. मी तशीच इंदिरानगरला गेले.

हॉलमध्ये आईची बॅग भरलेली. वहिनी तिच्या गाऊनवर मार्करने नाव लिहीत होती, केअर होममध्ये कपडे एकत्र धुतात म्हणून. 'सुमन' लिहिलेल्या गाऊनची चळत बघून माझं डोकं आणखी फिरलं. आईच्या खोलीचं दार उघडं होतं, ती आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी हॉलमध्ये उभी राहून दादाला नाही नाही ते बोलले. बाबांच्या नावाची पाटी लावलीसच, तिच्याखाली दुसऱ्याच बाईची परात मांडलीस. दादा म्हणत होता, अगं आपलीच आहे, मी स्वतः गाडीतून नेली. मी कागद त्याच्या तोंडासमोर धरला.

"मग ही कोण? वाच ना. ठकू कोण आहे?" मी जोरात म्हटलं, "ठकू!"

आतून आवाज आला, "ओ…"

वहिनीच्या हातातला मार्कर खाली पडला. तो आवाज आईचा होता आणि नव्हताही. लांबून, शेतातून वगैरे कुणी ओ द्यावी तसा लांबवलेला, आणि एखाद्या पोरीचा असावा तसा मोकळा. मग पुन्हा, "आले, आले…"

आम्ही आत धावलो. आई दाराकडे वळून बसली होती. स्वतःहून वळली होती. दादा तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि आई, आई, आई म्हणत राहिला. काही नाही. ती त्याच्या खांद्यावरून दाराकडेच बघत होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठकू."

"ओ," ती म्हणाली. माझ्याकडे बघून.

मग तिचा चेहरा बदलला. तिला हॉलमधली बॅग दिसली की आणखी काही, ते मला माहीत नाही. तिने पदर शोधावा तसा गाऊन मुठीत धरला आणि म्हणाली, "मला तिकडं देऊ नका."

दादा हमसून हमसून रडायला लागला. एवढा मोठा माणूस, आईच्या मांडीवर डोकं आपटून रडत होता. "नाही देणार, आई, कुठंही नाही देणार" म्हणत होता. मग नाक पुसत उठला आणि केअर होमला फोन करायला बाहेर गेला. त्याला धरायला वहिनी त्याच्या मागे गेली. मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. सरळ, निर्भेळ आनंद. आई आत आहे, तिला सगळं कळतंय, मी म्हणत होते ते खरं ठरलं.

मी तिच्याशेजारी बसले. तिने माझा हात घट्ट धरला. आणि पुढे बोलली. जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते. हे शब्द मी आईच्या तोंडी आयुष्यात कधी ऐकले नव्हते, ती आमच्याशी शहरातलं, धुतल्यासारखं मराठी बोलायची.

"आप्पा, म्या समदं करीन. पानी भरीन, ढोरं राखीन. पन मला नाशकाला देऊ नका. लय लांब हाय नाशिक."

आप्पा म्हणजे तिचे वडील. नाशकाला देणं म्हणजे… आपल्यात मुलगी 'देतात' ना. कुणाला दिली, कुठे दिली. ती केअर होमबद्दल बोलतच नव्हती. ती आमच्याबद्दल बोलत होती.

मी म्हटलं, आई, मी उज्ज्वला. तुझी मुलगी. तिने माझ्याकडे बघितलं, ओळखीचं माणूस चेष्टा करतंय अशा नजरेने. म्हणाली, "माझं कुठं लगीन झालंय?"

आणि माझा हात हलवत राहिली. तिला उत्तर हवं होतं. डोळे भरलेले, ओठ थरथरणारे, वय काय असेल तेव्हाचं… चौदा? पंधरा? आप्पांनी तेव्हा काय उत्तर दिलं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आम्ही इथे आहोत ना. बाहेर दादा फोनवर सांगत होता की आमची आई बोलली, आमची आई नको म्हणाली.

मी म्हटलं, "नाही देणार."

"नाशकाला?"

"नाही देणार नाशकाला."

तिने सुस्कारा सोडला, माझा हात सोडला आणि आडवी होऊन झोपली. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. लहानपणी आम्ही उठायच्या आधी ती उठलेली असायची आणि आम्ही झोपल्यावर झोपायची.

मी तिथेच बसून राहिले. साठ वर्षांच्या बाईने मनाला लावून घेऊ नये, आई आजारी आहे, डोक्यातल्या गाठी सुटल्यात, मला सगळं माहीत आहे, मी या लाइनमधली आहे. तरी लागलं. फार लागलं. आई आत आहे असं मी भांडून भांडून सांगत होते, आणि आत होती ती आमच्याकडे यायचं नाही म्हणून रडणारी एक पोरगी. मधल्या आयुष्यभर आम्ही जी ओ ऐकली, ती तिने द्यायची म्हणून दिलेली.

पुढे मी शहानिशा केली, करणारच. दादाने कुठून कुठून चांदवडकडच्या एका म्हाताऱ्या मामेभावाचा नंबर मिळवला. मी फोनवर विचारलं, माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं? तो म्हणाला, "ठकूआत्या का? ती नाशकाला दिली ती?" परातीवर नाव घातलं होतं का, ते त्याला माहीत नव्हतं. भांडी बाजारात दोघांना परातीचे फोटो दाखवले. या काठावर कधी छिन्नी लागलेलीच नाही, असं दोघांनीही सांगितलं. लहानपणी ते नाव कानावर पडलं असेल आणि मनात राहिलं असेल, असं दादाचं म्हणणं. असेल. पण मग मी ते उलटं का काढलं, आणि काढल्यावरही मला का वाचता आलं नाही? बऱ्याच रविवारी मी पुन्हा जाऊन त्या परातीसमोर बसले. पोचा दिसतो, डाग दिसतो, डागातला डाग दिसतो. काठ कोरा. 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देण्याची सवय मला नाही, त्यामुळे त्रास होतो.

मृण्मयीने मध्यंतरी विचारलं, काकू, पाटीवर आईंचं नाव घालायचं का, मी ट्रस्टींशी बोलते. मी विचार करते म्हटलं. सुमन घालायचं तर ते बाबांनीच लिहिलेलं. ठकू घालायचं तर पुढे आमचं आडनाव कसं लावायचं? ठकूने तर आमच्याकडे यायलाच नको म्हटलं होतं. पाटी अजून तशीच आहे.

आई दादाकडेच आहे. तो बदललाय, हे मान्य करते. तिला स्वतः भरवतो, आल्या-गेल्याला सांगतो, आई बोलली, तिला आमच्यातून जायचं नव्हतं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी त्याला खरं सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. इथे लिहितेय कारण इथे मला कुणी ओळखत नाही.

त्या दिवसानंतर ती पुन्हा बोललेली नाही. मी आठवड्यातून दोनदा जाते, शेजारी बसते, आई म्हणून हाक मारते. ती भिंतीकडे बघत असते. परवा वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही त्या नावाने एकदा हाक मारून बघा ना. तुमच्या हाकेला ओ देतात त्या."

मी नको म्हटलं. ओ येईल, हे मला पक्कं माहीत आहे. पण हाकेला येईल ती पोरगी माझी कुणी लागत नाही, आणि नाशकाला देणार नाही, असा शब्द मी तिला दिलाय.